कागदावर लिहायचं नाव

"गेलेल्या माणसाचं नाव?" मुंडगोडच्या मठातल्या भिक्षूने फोनवर तिबेटीत दुसऱ्यांदा विचारलं.

नगरच्या सावेडीतल्या एसटीडी बूथमध्ये ल्हामो रिसीव्हर कानाशी धरून उभी राहिली. बाहेरच्या बाईने काचेवर बांगड्या वाजवल्या. "ओ नेपाळीणबाई, झालं का न्हाई अजून?"

ल्हामोने रिसीव्हर ठेवला. मी नेपाळी नाही, हे सांगायचंही आज तिच्या जिवावर आलं.

सात हिवाळे ती नगरला येत होती. दिवाळी सरली की कर्नाटकातल्या मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीतून स्वेटरचे गठ्ठे घेऊन निघायचं, बसस्थानकाजवळच्या मैदानावर पाल ठोकायचं, संक्रांत झाली की परत. राहायला भागिरथीबाईंची मागची खोली. पहिल्या वर्षी खोली शोधताना दारातून भिंतीवरचा बुद्ध दिसला आणि तिने दुसरं घर पाहिलंच नाही. भागिरथीबाई दवाखान्यातून आया म्हणून निवृत्त झालेल्या. लेक-सून पुण्याला, घर मोकळं. त्याच संध्याकाळी ल्हामोने ट्रंकेतून हजार हातांच्या बोधिसत्त्वाचं चित्र काढलं. म्हातारी कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, "अगं ल्हामू, ह्याला स्वेटर कोन इननार?" दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या होत्या.

आज ती घरी आली, तर भागिरथीबाई जात्याशी बसलेल्या. गिरणीचं बेसन त्यांच्या जिभेला रुचत नसे.

"लागला का फोन?"

"लागला. नाव मागतात, आक्का. आमाचं."

"मग सांगायचं का न्हाई?"

"मला मालूम न्हाई."

जातं थांबलं.

पाच वर्षांची असताना ल्हामो बापाच्या पाठीवर बसून हिमालय ओलांडून आली. आई तान्ह्या भावाला घेऊन मागे राहिली. बर्फ वितळलं की येते, म्हणाली. पुढे हिमाचलात रस्त्यासाठी दगड फोडता फोडता बाप गेला. असेपर्यंत तो 'तुझी आमा' एवढंच म्हणायचा. आमा म्हणजे आई. आणि आता छत्तीस वर्षांनी त्या तान्ह्या भावाचं पहिलं पत्र कुणा यात्रेकरूच्या हातून फिरत फिरत आलं होतं. आमा दोन वर्षांपूर्वी गेली. दर उन्हाळ्यात खिंडीकडे तोंड करून बसायची, असं त्यात होतं. नाव नव्हतं. गेलेल्याचं नाव घरच्यांनी काढायचं नाही, काढलं तर तो मागे वळून बघतो, त्याचा पाय अडतो, अशी तिकडची रीत. नाव एकदाच, मठातल्या कागदावर लिहायचं आणि प्रार्थना झाली की तो कागद जाळायचा. मग वाट मोकळी.

"भावाला इचार ना मग."

"पत्ता न्हाई दिला. चिन्यांना भीत असंल." ल्हामो उंबऱ्यातच बसली. "आक्का, ती अडकली असंल. दोन वर्षं झाली. कुनी कागद न्हाई जाळला."

"अडकत-बिडकत न्हाई कुनी. मेलं का मेलं. बाबासाहेबांनी आमास्नी ह्यातनं सोडवलं. आमी न्हाई घालत पितर, न्हाई लावत मेलेल्याच्या नावानं दिवा."

"तुमी सुटल्या, आक्का. मी न्हाई."

भागिरथीबाईंनी जात्याच्या तोंडावरची डाळ उगीच बोटाने सारखी केली. मग त्या बोलल्या, तेव्हा आवाज खाली आला होता.

"माज्या आईचं नाव मला ती मेल्यावर कळलं. चावडीवर नोंद करायला गेल्तो. बाप म्हनला, लिवा बनुबाई. पर ते लग्नात ठेवलेलं. माहेरचं काय हुतं, ते सांगायला तिच्या माहेरी कुनी उरलंच न्हवतं. आमी तिला बया म्हनायचो. जल्मभर वव्या म्हनल्या तिच्या, त्यातबी बयाच."

त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या. दिवेलागण झाली होती. रोजच्यासारखी बुद्धापुढे मेणबत्ती लावली, हात जोडले. मग कॅलेंडरला दोऱ्याने बांधलेलं पेन सोडवून ल्हामोच्या पुढ्यात ठेवलं.

"ही रोजची मेनबत्ती हाय. मेलेल्यासाठी न्हाई लावली, ध्येनात ठेव," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून डाळ निवडायला बसल्या. डाळ सकाळीच निवडून झालेली होती.

ल्हामोने भावाच्या पत्राच्या पाकिटाचा कोरा कोपरा फाडला. तिबेटी अक्षरांत लिहिलं, आमा. मुंडगोडच्या शाळेत तिची लेक वहीत हाच शब्द लिहायची. ल्हामोला मात्र तो कुणाला लिहायची वेळच कधी आली नव्हती. तिने कागद ज्योतीवर धरला. एवढासा तुकडा, एकच शब्द. बोटांना ऊब लागायच्या आत संपला.

"झालं?" भागिरथीबाईंनी पाठमोऱ्याच विचारलं.

"व्हय."

"मग ये इकडं. खुंटा धर. निम्मी दाळ ऱ्हायलीय."

दोघी समोरासमोर बसल्या. एका खुंट्यावर दोन हात, एक सुरकुतलेला, एक थंडीने तडकलेला. जातं घरघरलं आणि भागिरथीबाईंनी सूर लावला.

"डोंगराच्या पल्याड, कोन बर्फात वाट पाही,
माझ्या ल्हामूची गं..."

इथे आईचं नाव येतं, हे सात हिवाळे ऐकून ल्हामोला ठाऊक झालं होतं. भागिरथीबाई थांबल्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. जातं नुसतंच फिरत राहिलं. एक फेरा, दोन फेरे, तीन.

"आमा," ल्हामो म्हणाली.

"...आमा ती, आता निवांत नीज बाई," भागिरथीबाईंनी ओवी पुरी केली आणि मूठभर डाळ जात्यात टाकली.