शेगडीच्या कपाळी विभूती

मी गॅसची शेगडी बोलतेय. लातूर नवानवा जिल्हा झाला तेव्हा नागप्पाला कचेरीत नोकरी लागली, त्यानं रेणापूरहून बिऱ्हाड हलवलं आणि हौसेनं मला घरी आणलं. काय माझा थाट! काडी ओढली की भप्पकन पेटणारी निळी ज्योत बघायला शेजारच्या बायका यायच्या.

सगळ्यात खूश होती नागप्पाची बायको गुरम्मा. चुलीच्या धुरानं तिचे डोळे बारा महिने लाल असायचे, ते माझ्यामुळं निवळले. मला स्वतःचा लई अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

तिच्या सासूबाई सिद्धम्मा. माणूस सोन्यासारखं, पण श्रद्धा उतू जाणारी. सकाळी लिंगपूजा झाली की गावाकडं चुलीला लावायच्या तशी ओली विभूती माझ्याही दोन्ही बर्नरवर तीन बोटांनी ओढायच्या. मलाही मिरवायला आवडायचं.

पुढं दुष्काळ पडला. आड आटले, घरात बोअरचं जड, क्षाराचं पाणी आलं. त्यात तुरीची डाळ शिजता शिजेना. वर माझी ज्योत पिवळी पडली, पातेल्यांची बुडं काळी झाली, सिलिंडर लवकर संपायला लागलं. नवं मिळायला ताटकळावं लागे ते वेगळंच.

बोल कुणाला? गुरम्माला. ही गॅस चालू ठेवून गप्पा हाणते, असं सासूबाईंचं म्हणणं. बिचारी डाळ भिजत घालायची, झाकण ठेवायची, सगळं हाताशी घेऊन मगच मला पेटवायची. तरी तेच. शेवटी सिद्धम्मांनी लेकाला सांगितलं, "ही शेगडी परत करून टाक. आपली चूलच बरी हाय." गुरम्मानं तोंड फिरवलं. मला रडू कोसळलं, पण शेगडीचं रडणं कुणाला दिसतंय?

दुसऱ्या दिवशी गुरम्मा माहेरच्या लग्नाला चाकूरला गेली. सिद्धम्मांनी स्वतः डाळ चढवली, भिजवलेली, झाकलेली. जेवायची वेळ टळली तरी डाळ टणक. मग मात्र त्या चिडल्या. मला बंद केलं, बर्नर निवल्यावर काढला आणि ओट्यावर आपटला. भोकांतून पांढरी भुकटी भुरुभुरु गळली. त्यांनी चिमटीत धरून बघितली. त्यांचीच विभूती, दुसरं काय!

बाई एकट्याच हसत सुटल्या. टाचणीनं एकेक भोक मोकळं केलं आणि माझी ज्योत पुन्हा निळी झाली. जड पाण्यातली डाळ वेळ घ्यायचीच, पण शिजली.

गुरम्मा परतली तेव्हा शेजारणी बसलेल्या होत्या. त्यांच्यादेखत सिद्धम्मा म्हणाल्या, "गॅस हिनं न्हाई, मी खाल्ला. पोरीला उगाच बोलले मी." गुरम्माला हसावं की रडावं कळेना. त्यानंतर विभूती माझ्यामागच्या भिंतीला लागायला लागली.

आता घरात पाइपाचा गॅस आलाय, ओट्यावर काचेची नवी शेगडी आहे आणि मी माळ्यावर. परवा बिल जास्त आलं, तर घरातल्या सगळ्यांच्या नजरा गुरम्माच्या सुनेकडं वळल्या. माझं एवढंच ऐका, बायांनो: बिल फुगलं तर ज्योतीचा रंग बघा, बर्नरची भोकं बघा, पाणी बघा, झाकण बघा. सुनेकडं सगळ्यात शेवटी बघा.