जाहेदाची अट

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. पायडल करकरतं, पट्टा ढिला झालाय. पण मित्रांनो, मला भंगार म्हणू नका, राग येतो.

बहात्तरचा दुष्काळ सरता सरता परळीत बायकांची शिलाई सोसायटी निघाली. तिथून मी जाहेदाच्या घरी आले. बाप नव्हता, आई बीबीजान डोळ्यांनी अधू. झबली, परकर, कारखान्याची पोती, जे येईल ते पोरीनं माझ्यावर शिवलं आणि दोघींची चूल पेटती ठेवली. टाका बघावा तर जाहेदाचा, असं गल्ली म्हणायची. मला लई बरं वाटायचं.

मग तेलगावच्या इलियास मेकॅनिकशी तिचं लग्न ठरलं. आमच्याकडे नवरीचं सामान निकाहाच्या दिवशी मांडवात मांडतात, आणि मांडलं ते सासरचं, असं धरूनच चालतात. चार लोकांत मान राहावा म्हणून बीबीजाननं मलाही भांड्यांशेजारी नेऊन ठेवलं, वर गुलाबाचा हार घातला. आपण आपलाच घास देऊन टाकतोय, हे माउलीला कळलंच नाही.

जाहेदाचे नबीमामू दोन साक्षीदार घेऊन नवरीची कबुली विचारायला आले. जाहेदानं ओढणी सारून आधी माझ्याकडं पाहिलं. बायका कुजबुजू लागल्या. मामूंनी पुन्हा विचारलं, तेव्हा ती हळू पण स्वच्छ बोलली, "मशीन माझी हाय. तिच्या कमाईतून अम्मीला मी सांभाळनार. हे निकाहनाम्यात लिवा, मंग कबूल."

सासरची माणसं बिथरली. लग्नाआधीच वाटणी काय, म्हणत नवऱ्याचा चुलता मांडवातून उठला. इलियासनं मात्र काझींना लिहायला सांगितलं, आणि आपलीही अट घातली: आजारी बापाला सोडून वेगळं राहायचं नाही. जाहेदानं ती मानली.

मी जाहेदाबरोबर तेलगावला गेले आणि माझी कमाई परळीला बीबीजानकडे जात राहिली. दोघांनी शब्द पाळला. भांडणं झाली, पण या गोष्टींवरून कधीच नाही. पुढं एका कोरड्या उन्हाळ्यात जाहेदा काविळीनं गेली. आपल्यातलं एक गेलं तर म्हातारीचं काय, हे लिहायचं कुणालाच सुचलं नव्हतं. चुलता म्हणाला, अट संपली, मशीन विकून टाक.

इलियासनं मला जीपमध्ये घालून परळीला आणलं. बीबीजाननं मला चाचपून ओळखलं आणि ती ढसाढसा रडली. तो तिच्याजवळ बसला.

"अम्मी, मशीन तुमची. अन् आता तुमी माझ्या घरी चला. हे कुठं लिवलेलं न्हाई, म्हनून सांगाया आलो."

मित्रांनो, लग्न ठरलं की कुणाचं काय, म्हाताऱ्यांना कोण बघणार, उद्या आपण नसलो तर काय, हे लाज सोडून आधी बोला. इलियास काही प्रत्येकीच्या नशिबी नसतो.