दीड पट्टी वर

माझ्या फाईलला कोणी हात लावलेला मला खपत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं ते माझ्या या एका खोडीमुळे घडलं. मी पियानो लावतो. म्हणजे वाजवतोही, पण पोट भरतं ते लावण्यावर. शाळांचे पियानो, हॉटेलांचे, आणि हौसेने घेऊन वर फुलदाणी ठेवलेले. चाळीस वर्षं लोकांच्या तारा पिळल्यावर माणूस सुराच्या बाबतीत थोडा तिरसट होतोच. बायको म्हणते, त्यातला ‘थोडा’ तेवढा काढून टाका.

तरुणपणी आमचा तिघांचा बँड होता. पियानोवर मी, गायला माझी मोठी बहीण, म्हणजे ताई, आणि ड्रमवर कवळी. कवळी हा माझा शाळेपासूनचा मित्र. पुढे तो दातांचा डॉक्टर झाला आणि हे नाव त्याला कायमचं चिकटलं. आता तिघं तीन टोकांना. ताई लेकीकडे राहते, विमानाने सहा तासांवर. कवळी त्याच्या दवाखान्याला बांधलेला. बँड मोडला, असं आम्ही कधी म्हटलं नाही, पण तो मोडलाच होता.

तो परत जोडला कवळीनेच. चार वर्षांपूर्वी कुठून तरी ऐकून आला की आता घरबसल्या हे सगळं करता येतं. मी माझा पियानो रेकॉर्ड करून फाईल नेटवर चढवायची. त्याने ती उतरवून, हेडफोनवर ऐकत ड्रम वाजवायचे. ताईने दोन्ही ऐकत गायचं. मग सगळ्या फाईली माझ्याकडे, आणि मी त्या एकावर एक बसवायच्या. मी म्हटलं, हे म्हणजे तीन घरांत स्वयंपाक करून चौथ्या घरी पंगत. पण कवळीची पहिली फाईल आली, मी ती माझ्या पियानोखाली ठेवली आणि बटण दाबलं. पाचशे मैलांवरचा तो गडी माझ्या डाव्या हाताला बरोबर धरून चालत होता. मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. बायकोला हाक मारली, तिने ऐकलं, आणि म्हणाली, “हा तर अजूनही तिसऱ्या ठोक्याला घाई करतो.” तेव्हा माझी खात्री पटली की हा खरोखरचा कवळीच आहे.

ताईच्या गळ्यातली गाठ काढली त्याला दोन वर्षं झाली. ऑपरेशन चांगलं झालं. गायला काही हरकत नाही, डॉक्टर म्हणाले, मात्र वरचे सूर परत येतील की नाही ते सांगता येत नाही. ताईने त्यातलं ‘नाही’ तेवढं ऐकलं. ती गायचीच थांबली. फोनवर बोलायची तीसुद्धा बेताने, खालच्या आवाजात, पाहुण्यांच्या घरी वावरल्यासारखी. जिच्या आवाजाने आमच्या बँडला काम मिळायचं ती बाई अशी बोलते हे मला ऐकवायचं नाही. मी विषय बदलायचो आणि मग दिवसभर चिडचिड करायचो.

आणि एका शनिवारी सकाळी तिचा फोन आला. “छोट्या, आपलं जुनं गाणं करू या. तीन पट्ट्या खाली घे. काळी दोनमधून पांढरी एकमध्ये आण. त्याच्या वर एक केसभरही मला जमायचं नाही. हे एक गाते आणि माइक लेकीला देऊन टाकते. तिला ऑफिसच्या मीटिंगला उपयोगी पडेल.”

पट्टी म्हणजे पियानोवरची एक शेजारची पायरी, मग ती काळी असो की पांढरी. तीन पायऱ्या खाली आलं तर गाणं अंधाऱ्या खोलीत गेल्यासारखं होतं. पण मी वाद घातला नाही. ताई गाणार होती. मी दोन तासांत पियानो वाजवून टाकला, फ्रिज बंद करून, पंखा बंद करून, बायकोला श्वास बेताने घ्यायला सांगून. कवळीने दुपारी पेशंटच्या मधल्या वेळेत ड्रम पाठवले. मी दोन्हींची मिळून एक फाईल केली, सुरुवातीला काठीचे चार ठोके ठेवले आणि भाचीला पाठवली. ताईचं रेकॉर्डिंग तीच बघते. सोबत नेहमीची ताकीद: फाईलला हात लावायचा नाही, काही बदलायचं नाही, आहे तशी ठेवायची.

संध्याकाळी ताईचा मेसेज आला. गाणं जरा घाईत वाटतंय, पट्टी नक्की उतरवलीस ना? आता हे मला विचारायचं? मी लिहिलं, ताई, चाळीस वर्षं मी हेच काम करतोय. तिने पुढे काही विचारलं नाही.

रविवारी सकाळी तिची फाईल आली. नाव दिलं होतं ‘ताई शेवटचं’. मला ते नाव आवडलं नाही, पण फाईल लगेच उतरवायला घेतली. उतरवताना पडद्यावर ती हिरवी रेघ पुढे सरकत होती आणि मी एखाद्या पोरासारखा तिला मनातून ढकलत होतो. फाईल आली. सुरुवातीचे चार ठोके जुळवले. बटण दाबलं.

पहिल्या ओळीला ताई माझ्या किंचित पुढे होती. दुसऱ्या ओळीला चांगलीच पुढे. ध्रुवपदापर्यंत मी एक गाणं वाजवत होतो आणि ती दुसरंच गात होती, आणि सूर तर असा भांडत होता की बायको स्वयंपाकघरातून बघायला आली. चार मिनिटांचं गाणं ताईने वीस सेकंद आधी संपवलं. लय हे ताईचं हक्काचं घर होतं. तेही गेलं की काय?

मग मी माझा पियानो बंद केला आणि तिचा एकटीचा आवाज ऐकला.

लय पक्की होती. घड्याळासारखी. फक्त ती माझी लय नव्हती. आणि आवाज? आवाज मोकळा होता. ध्रुवपदात जिथे सूर वर चढतो, तिथे पूर्वी लोक बोलणं थांबवून मागे वळून बघायचे. ती जागा तिने घेतली होती. दम न लागता. मी तीन वेळा ऐकली. मग पियानोपाशी जाऊन पट्टी शोधायला लागलो. पांढरी एक नव्हती. काळी एक दाबली, ताई त्याच्या वर. पांढरी दोन दाबली, ताई त्याच्या खाली. ती दोन पट्ट्यांच्या मधोमध उभी होती, जिथे पियानोवर काहीच नसतं. माणूस तिथे आपणहून जात नाही. तिथे यंत्रच नेऊन सोडतं.

मी भाचीला फोन केला. “काल फाईल उघडताना मशीनने तुला काही विचारलं होतं का?”

“हो,” ती म्हणाली. “तुझी फाईल वेगळ्या मापाची आहे, बदलून घेऊ का म्हणून. मी ‘नको’ दाबलं.”

“नको? का?”

“मामा, तूच म्हणालास ना, फाईलला हात लावायचा नाही?”

मी कपाळावर हात मारला. रेकॉर्डिंग म्हणजे आवाजाचे बारीक बारीक तुकडे. माझी फाईल सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर तुकड्यांची. भाचीचं मशीन मधल्या दोन वर्षांत ऑफिसच्या व्हिडिओंसाठी अठ्ठेचाळीस हजारांवर लावलेलं. न बदलता वाजवली की तेच तुकडे भराभर संपतात. गाणं लवकर उरकतं आणि सूर वर जातो. किती वर, ते मी कागदावर मांडून बघितलं. जवळजवळ बरोबर दीड पट्टी. म्हणजे मी ताईला तीन पट्ट्या खाली उतरवलं, आणि माझ्याच ताकिदीने तिला न सांगता अर्धी वाट परत वर नेलं. केसभरही जमायचं नाही म्हणणारी बाई दीड पट्टी वर गाऊन बसली होती, आणि तिला पत्ता नव्हता.

“तिला अजून काही सांगू नकोस,” मी भाचीला म्हणालो.

कवळीला फोन लावला तर तो कोणाच्या तरी तोंडात हात घालून बसला होता. रविवारीही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मग सोपं आहे. तिची फाईल उलट तेवढीच हळू कर. एक बटण. आपल्यावर बरोबर बसेल.”

मी करून बघितलं. बसलीही बरोबर, एक ठोका इकडे तिकडे नाही. पण त्या बटणाने ताईचा आवाज जड झाला, थकला. फोनवर दोन वर्षं जी बाई बेताने बोलत होती ना, नेमकी तीच गायला लागली. मी तिथेच थांबवलं. माझा राग नाकावर असतो हे खरं, पण त्या क्षणी तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या सोयीसाठी तिला खाली ओढायचं?

“कवळ्या,” मी म्हणालो, “ती खाली येणार नाही. आपण वर जायचं.”

“कुठे? तू म्हणालास तिथे पट्टीच नाही.”

“मी करतो.”

“इलेक्ट्रॉनिक कीबोर्डला त्यासाठी एक बटण असतं, हे तुला माहीत आहे.”

“माहीत आहे.”

“बरं,” तो म्हणाला. “मी संध्याकाळपर्यंत ड्रम पाठवतो. लय किती ते कळव. आणि हो, तू मूर्ख आहेस.” आवाजावरून कळत होतं की तो हसतोय. त्याच्या हाताखालचा पेशंटही काही तरी म्हणाला, ते मला कळलं नाही.

माझ्या घरच्या पियानोत दोनशे वीसच्या वर तारा आहेत. मी झाकण काढलं, शेजारची तार वाजू नये म्हणून तारांमध्ये जाड लोकरी कापडाचे, बनातीचे तुकडे खोवले, पाना हातात घेतला आणि एकेक तार अर्धी पट्टी सैल करायला लागलो. पांढरी दोन वाजवली की ताईचा सूर यावा एवढंच. आयुष्यभर मी पियानो सुरात आणले. तो दिवस मात्र चांगला लागलेला पियानो हाताने बिघडवण्यात गेला, आणि खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला कामात कधी झाला नव्हता. एक सूर उतरवायचा, ताईच्या फाईलमधला तोच सूर ऐकायचा, दोन्ही मिळाले की पुढचा. जेवायला हाक आली ती ऐकली नाही. दुपारी बायकोने दारातून विचारलं, “शेजारचे विचारतायत, तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना? काय सांगू?”

“सांग, ताई गातेय.”

ती येऊन माझ्याजवळ उभी राहिली. मी तिला ती जागा ऐकवली. तिने चहा करून आणला आणि ती तारा मोजायला बसली. एकशे चाळीस झाल्या होत्या.

सोमवारी मी नव्याने वाजवलं. कवळीचे ड्रम आले होते, नव्या लयीत, आणि या वेळी त्याने तिसऱ्या ठोक्याला घाई केली नव्हती. ताई मध्ये, आम्ही दोघं बाजूला. मी एकच वेळ ऐकलं आणि चढवून टाकलं. रेघ शंभरावर पोहोचेपर्यंत खोलीत येरझाऱ्या घातल्या.

सांगायचं की नाही? भाची म्हणत होती, नको, ती घाबरेल. कवळी म्हणत होता, सांग. ताईचा फोन आला तेव्हाही माझं ठरलं नव्हतं.

“ऐकलं,” ती म्हणाली. “चांगलं झालंय.” मग विचारलं, “छोट्या, ही पांढरी एक आहे?”

“नाही.”

“मग?”

“दीड पट्टी वर आहे. चूक झाली, ताई. मशीनची. म्हणजे माझी. तू विचारलं होतंस आणि मी तुझ्यावरच डाफरलो.” आणि मग मी थांबलोच नाही. मापं, तुकडे, भाचीचं ‘नको’, दोनशे वीस तारा, सगळं एका दमात सांगितलं. शेवटी म्हणालो, “गायलीस मात्र तू. त्याला यंत्राने हात लावलेला नाही.”

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

मी तसाच बसलो. वाटलं, संपलं. तिचा विश्वास मोडला, आता माइक खरंच मीटिंगला जाईल. बायको म्हणाली, परत फोन करा. मला धीर होईना. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. मग भाचीचा मेसेज आला.

“मामा, आई कपड्यांच्या कपाटात शिरून दार लावून बसलीये, आम्ही रेकॉर्डिंग तिथेच करतो. म्हणते, मामाला सांग, काळी दोनची, मूळ पट्टीची फाईल पाठव. आत्ताच्या आत्ता. आणि तिच्या आधीच्या फाईलचं नाव बदल, शेवटचं नको, नुसतं एक लिही.”

मी तो मेसेज बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. मग आम्ही दोघांनी एकदमच पियानोकडे बघितलं. तो अजून अर्धी पट्टी खाली होता, एकूण एक तार. त्याच्यावर काळी दोन नव्हतीच.

“आता हो?” बायकोने विचारलं.

“आता सगळा वर घ्यायचा,” मी म्हणालो, आणि पाना उचलला.