वाटप झालं, मग वाटा कुठे गेला?

मी एक जुनी टपालपेटी आहे, मित्रांनो, आणि कुणावर चटकन विश्वास ठेवणं माझ्या स्वभावात नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये रस्त्याच्या कडेला खांबावर उभं राहून जन्म काढला की कुणीही संशयी होईल. बर्फ ढकलणारी गाडी दर हिवाळ्यात मला धक्का देऊन जाते आणि चालक म्हणतो, चुकून लागला. दर हिवाळ्यात चुकून?

घरमालक क्लिफर्डने आपल्या घराच्या टपालासाठी मला गॅरेजमध्ये पत्र्यातून घडवलं. पोटावर गाय रंगवली, बाजूला लाल झेंडा बसवला. घरातून पत्र पाठवायचं असलं की झेंडा वर करायचा, म्हणजे टपालवाली लुआन थांबून ते घेऊन जाते. जाणारे-येणारे त्या गाईचं फार कौतुक करायचे. गेल्या वर्षी क्लिफर्ड वारला. तेव्हापासून मला ना रंग मिळाला, ना तेलाचा थेंब.

फेब्रुवारीत म्युच्युअल फंडाचं पाकीट आलं. क्लिफर्डची बायको व्हर्ना ते माझ्यापाशीच उभी राहून वाचू लागली. फंडाने तिला नऊ हजार डॉलर नफ्याचं वाटप केलं होतं आणि त्यावर कर भरायचा होता. तिने तर काहीच विकलं नव्हतं, आणि बँकेत दमडी आली नव्हती. क्लिफर्ड गेल्यापासून हिशेब मुलगा वेंडेल बघायचा. त्याने नुकताच नवा ट्रक घेतला होता.

"वाटप झालं म्हणे," ती पुटपुटली. "मग माझा वाटा गिळला कुणी?"

खरं सांगते, माझाही संशय त्याच्यावरच गेला.

दुसऱ्या सकाळी तिने वकिलाला पत्र लिहिलं, मृत्युपत्रातून वेंडेलचं नाव काढा म्हणून. ते माझ्या पोटात ठेवलं आणि गंजलेला झेंडा जोर लावून वर केला. लुआनच्या आधी वेंडेलच आला, आईच्या दारातला बर्फ काढायला.

"ट्रक झकास आहे रे," व्हर्ना म्हणाली. "माझ्या वाटपातून घेतलास ना?"

त्याच्या हातातलं फावडं तसंच राहिलं. "ट्रक अजून बँकेचाय, आई. आणि वाटप म्हणजे कुणी हातात पैसे ठेवत नाही. फंडातून बरेच लोक बाहेर पडले. त्यांचे पैसे द्यायला फंडाने जुने शेअर विकले, त्याचा नफा उरलेल्यांच्या नावावर पडला. जेवून ते गेले, भांडी आपल्या गळ्यात."

"मग पैसे कुठायत?"

"रोख नको, त्याचेच आणखी युनिट घ्या, असं बाबांनीच फंडाला सांगून ठेवलेलं. तुझ्याच नावावर आहेत."

तिला ते पटेना. तिने त्याला फोनवर खातं उघडायला लावलं आणि चष्मा पुसून दोनदा पाहिलं. युनिट खरंच वाढले होते.

ईटीएफमध्ये, म्हणजे ज्याचे युनिट शेअरसारखे बाजारात विकता-घेता येतात अशा फंडात, असं सहसा होत नाही, असं तो सांगत होता. तिथे बाहेर पडणारा आपले युनिट बाजारात दुसऱ्याला विकून जातो, त्यामुळे आपण स्वतः विकू तेव्हाच बहुतेक कर बसतो. निवृत्तीच्या खात्यात हा घोळ नसतो, पण हे साधं खातं होतं. जुनं विकण्याआधी त्यावर किती कर लागेल ते बघू, नवे पैसे मात्र ईटीएफमध्ये टाकू, असं त्याने सुचवलं.

व्हर्नाने मला उघडलं आणि पत्र काढून कोटात कोंबलं.

"कुणाला होतं ते?" वेंडेलने विचारलं.

"कुणाला नाही," ती म्हणाली आणि झेंडा खाली ओढू लागली. तो हलेना.

मित्रांनो, आम्हाला वेळेवर तेल द्या, आणि आपल्या माणसाला आधी विचारा, मग झेंडा वर करा. माझा अजून वरच अडकलाय. लुआन रोज थांबते, मला उघडते आणि रिकामी बघून पुढे जाते. व्हर्ना खिडकीतून ते पाहते आणि मान खाली घालते.