कल्हई उडालेला पेला

मी सोलापुरातल्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचा पेला बोलतोय. पितळेचा, बुटका, कडेला पोचा आलेला. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीतल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीला, सगळी मंडळी माझ्यातूनच एकेक घोट घ्यायची, म्हणून माझा तोरा जरा जास्तच होता. कबूल करतो.

बाटलीतला द्राक्षरस आमच्याकडे कधी नव्हता. आमच्या मंडळीतल्या बाळाबाई शनिवारी मनुका भिजत घालायच्या, रविवारी सकाळी कुस्करून गाळायच्या, माझ्यात भरून उरलेला रस चिनी मातीच्या बरणीत ठेवायच्या. रस त्यांचा, पण सहा वर्षं घोट त्यांनी घेतला नाही. मी समोर आलो की मान खाली घालून मला पुढे सरकवायच्या. मनात खोट ठेवून पेल्याला तोंड लावू नये, अशी आमच्याकडची रीत.

खोट कसली ते मला ठाऊक होतं, कारण घासता घासता त्या माझ्याशीच बोलायच्या. बहात्तरच्या दुष्काळात चर्चच्या आवारात लेकरांना पावडरीचं दूध वाटायचे. डाव बाळाबाईंच्या हातात. एके दिवशी त्यांनी पावडरीचा एक डबा पदराआड घातला, घरच्या आजारी नातीसाठी. त्या दिवशी पातेलं लवकर तळाला गेलं. रांगेत शेवटी उभी असलेली, आमच्याच मंडळीतली चंद्रव्वा कडेवरच्या लेकीला, महादेवीला घेऊन रिकाम्या तांब्यानं परतली. पोर जगली, आता चौथीत आहे. पण बाळाबाईंच्या डोळ्यांपुढून तो तांब्या काही हलला नाही.

मग त्यांनी प्रायश्चित्त आरंभलं, आणि तेही माझ्या अंगावर! दर शनिवारी चिंच, राख आणि काथ्या. चर्चचे पाळकसाहेब मला कल्हईला द्यायचं म्हणाले, तर यांचं उत्तर तयार, "दुसऱ्याचा हात कशाला? मी हाय की घासायला." बाहेरून मी लखलखत होतो. आतली कल्हई मात्र थोडी थोडी निघून चालली होती. मला ते कळत होतं, पण पेल्याचं ऐकतो कोण?

अठ्ठ्याहत्तरच्या एप्रिलातला रविवार. पाळकांनी बायबलमधून कृपेविषयी वाचलं. देवाची कृपा ही कष्टाची मजुरी नव्हे, ते दान आहे, असं समजावलं, आणि ते बरंच लांबलं. शेवटी मला उचलून त्यांनी पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. रस कळकला होता. उघड्या पितळेत आंबट ठेवल्यावर दुसरं काय होणार?

बाळाबाईंनी माझ्यात वाकून पाहिलं, तर आतलं पितळ उघडं पडलेलं. "माज्याच हातानं नासलं," म्हणाल्या, "माजं पापच तसं हाय." आणि सगळ्यांसमोर त्यांनी दुधाच्या डब्याची गोष्ट सांगून टाकली.

चंद्रव्वा उठली आणि बाहेर गेली. मला वाटलं, संपलं. बाळाबाईंनाही तेच वाटलं असावं. पण चंद्रव्वाचं घर मागच्याच बोळात होतं. ती परतली ती स्टीलचा ग्लास घेऊन. बरणीतला रस त्यात ओतला, पाळकांनी प्रार्थना केली, आणि ग्लास रांगेतून फिरला. चंद्रव्वानं घोट घेतला नि ग्लास बाळाबाईंपुढे धरला.

"अक्का, डबा पदराआड घेताना मी बघितलं हुतं. तवाच."

"बघितलंस? आनि कुटं बोलली न्हाईस?"

"तुमची नात बी तापानं फणफणली हुती की. घ्या आता. हात दुखाय लागला माजा."

बाळाबाईंची बोटं चिंचेनं आणि राखेनं चिरलेली होती. त्याच बोटांनी त्यांनी ग्लास धरला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा घोट घेतला. मी मेजावर कळकलेला रस पोटात घेऊन बसलो होतो. त्या ग्लासाचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? पण आनंदही झाला, फार झाला.

दुसऱ्याच दिवशी मला कल्हईला दिलं. कल्हईवाल्यानं मला निखाऱ्यांवर धरलं, नवसागर टाकला, कथील फिरवलं. मी काहीच केलं नाही, नुसता त्याच्या चिमट्यात राहिलो. पाळकांचं ते लांबलेलं प्रवचन मला तिथं समजलं.

आता बाळाबाई मला साध्या पाण्यानं विसळतात आणि आपला घोट घेतात. तुमच्याही हातात मी कधी आलो, तर घासत बसू नका. प्या, आणि मग पुढे द्या.