पुढची खाच

ही गेल्यापासून लेकीने एकच धोशा लावला होता. "बाबा, इथलं आवरा आणि माझ्याकडे चला."

तिचंही बरोबर होतं. घराच्या मागे चढ आहे. तिथलं पाणी उतरून मागच्या भिंतीच्या पायाशी साचतं आणि पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या फरशीतून वर येतं. ओट्याखाली बुरशी धरली होती. शेवटी मी म्हटलं, "भिंतीमागे खोल चर खणतो. यंदा भिंत कोरडी राहिली तर मी इथेच राहणार. नाही राहिली तर तू म्हणशील तिथे."

"खणणार कशाने? फावड्याने?"

"ट्रॅक्टर आहे ना. त्याला मागे बॅकहो लावू, खणायचा लोखंडी हात."

"ट्रॅक्टर आईचा होता, बाबा."

तेही खरं. छोटा ट्रॅक्टर हिनेच हट्टाने घेतला आणि हिनेच चालवला. मी मागून दगड वेचत जायचो. ही बुटकी होती, म्हणून सीट सगळ्यात पुढच्या खाचेत. मी ताडमाड. आता मी चालवतो तेव्हा गुडघे स्टिअरिंगला घासतात. सीटखालची कळ ओढली की सीट मागे येते, एका हाताचं काम आहे. ते मी केलं नव्हतं. कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

भिंतीच्या कोपऱ्यात फावड्याने खड्डा घेऊन घराचा पाया कुठे संपतो ते बघितलं. चर त्याहून खोल हवी, म्हणून तेवढ्या मापाची, वर वीतभर जास्त, अशी जुन्या झाडूची काठी कापली. ती घेऊन ट्रॅक्टरवरूनच अवजारांच्या दुकानात गेलो. लेक गाडीने मागे आली.

दुकानदार काठी बघून हसला. "काका, मारायला आलात की काय?"

"माल बघून ठरवू."

त्याने आधी सगळ्यात मोठा बॅकहो दाखवला. लांब हात, रुंद बकेट. माझी काठी त्याच्यापुढे काडीसारखी दिसत होती.

"फक्त तुमची ही जुनी सीट काढावी लागेल," तो म्हणाला. "याच्यासोबत फिरणारी सीट येते. पुढे तोंड करून चालवा, मागे वळून खणा. गादी बघा किती मऊ!"

"नको."

"अहो, बसून तर बघा."

"नको म्हटलं ना."

लेकीने माझ्याकडे बघितलं.

दुसरा हलका होता. ट्रॅक्टरच्या मागच्या सांध्यांनाच अडकवायचा, बाकी काही नाही.

"सीटला हात लावायला नको ना?" मी विचारलं.

"मुळीच नको."

"मग हाच."

"थांबा," लेक म्हणाली. "आधी खणून दाखवा. घरी नेल्यावर बोंब नको."

दुकानामागे माल वापरून बघायला मोकळी जागा होती. बॅकहो लावला. मी त्याच्या सीटवर मागे तोंड करून बसलो आणि बकेट जमिनीत घातली. खाली दगड असावा. बकेट अडकली, मी कळ आणखी दाबली. बकेट वर यायची ती आली नाही, उलट मीच सीटसकट वर उचलला गेलो आणि माझी पाठ ट्रॅक्टरच्या सीटवर जाऊन दाबली गेली.

"कळ सोडा! बाबा, कळ सोडा!"

सोडली. धप्पकन खाली आलो. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण तोंड काही बंद नव्हतं. "मला भिंत कोरडी हवी होती. बाप चपटा नको होता."

मी खाली उतरलो. दुकानदाराला म्हटलं, "आता खरं सांग. तुझ्या बापाला कुठला दिला असतास?"

तो कान खाजवत पत्र्याखाली घेऊन गेला. तिथे धूळ खात एक लहान बॅकहो पडला होता. त्याची लोखंडी चौकट ट्रॅक्टरच्या पोटाखालून जाते आणि बोल्टने आवळतात, त्यामुळे तो वर उचलला जात नाही.

"पण हा कोणी नेत नाही, काका. खोल बेताचाच जातो. आणि खणणाऱ्याला जागा मिळावी म्हणून ट्रॅक्टरची सीट कायम पुढच्या खाचेत ठेवावी लागते. तुमच्यासारख्या उंच माणसाचे हाल होतात. थांबा, दाखवतो."

तो ट्रॅक्टरवर चढला, कळ ओढली आणि सीट पुढे ढकलली. सीट हलली नाही. पुन्हा ढकलली.

"ही तर पुढेच आहे. कोण चालवतं हा?"

"आई," लेक म्हणाली.

मी वळून काठी उचलली. तो बॅकहो लावायला लावला, खड्डा घ्यायला लावला आणि काठी आत उभी केली. काठीचं टोक जमिनीच्या बरोबरीला आलं. जेमतेम, पण आलं.

"हाच," मी म्हटलं.

"काका, नंतर गुडघे दुखतात म्हणून परत आणाल."

"गुडघे माझे आहेत."

काम सावकाश झालं. चर उताराच्या खालच्या टोकाकडून सुरू केली. दर थोड्या अंतरावर काठी उभी करून बघायचो. खोली कमी भरली की पुन्हा बकेट घालायची. तळाला खडी, त्यावर भोकांचा पाइप, वर पुन्हा खडी. एकदा भिंतीला बकेट घासली आणि गिलावा पडला. लेकीला फोनवर ते सांगितलं नाही. संध्याकाळी गुडघे शेकत बसायचो आणि सकाळी पुन्हा तिथेच.

पावसाळा भरात आला तेव्हा एका दुपारी लेक न कळवता आली. चप्पल काढून थेट स्वयंपाकघरात गेली. ओट्याखाली वाकून भिंतीवर तळवा फिरवला. फरशीच्या फटीत बोट घातलं, बोट डोळ्यांजवळ धरून बघितलं. कोरडं होतं. मी दारात उभा होतो. मागे चरीच्या तोंडातून पाणी पडत असल्याचा आवाज येत होता.

"गिलावा कोणी पाडला?" तिने खिडकीतून बघून विचारलं.

"जुना होता."

"ट्रॅक्टर बाहेर भिजतोय. मी आत घेते."

ती चढून बसली. तिची उंची आईवर गेली आहे. पाय क्लचवर, ब्रेकवर नीट टेकले. सीटखालच्या कळीकडे हात नेला आणि परत घेतला.

"बाबा, तुम्ही असं आखडून बसून सगळं खणलंत?"

"बसता येतं."

तिने ट्रॅक्टर शेडमध्ये नेला. मी दार धरून उभा राहिलो. उतरल्यावर पदराने तोंड पुसत ती म्हणाली, "फाटकापाशी पण पाणी तुंबलंय. पुढच्या वर्षी तिकडे खणू. पण मी चालवणार."