दुपारचं न्हाणं

स्नेहलताबाईंनी लांब केलेल्या पायांवर नात पालथी पडली होती, तिच्या पाठीला साय-बेसन लावून झालं होतं, आणि नेमकं तेव्हाच नळाचं पाणी कोमट झालं.

"मैत्रेयी, अगं पाणी गेलं."

"गेलं म्हणजे?" आतल्या खोलीतून लेकीचा झोपाळलेला आवाज आला.

"म्हणजे येतंय, पण त्यात जीव नाही."

मैत्रेयी डोळे चोळत आली आणि तिने धारेखाली बोट धरलं. "देवव्रतने आज केस धुतले ना, heaps पाणी वापरलं असणार. आता नऊनंतर तापेल."

"नऊनंतर? आणि हिला तोवर अशीच ठेवू, बेसनात बुडवून? भजी तळायचीत का तिची?"

शेवटी चहाची किटली धावून आली. दोन किटल्या पाण्यात स्वरदाची अंघोळ कशीबशी उरकली आणि ती दुपट्यात गुंडाळली जाताच झोपूनही गेली. स्नेहलताबाईंचं मन मात्र दिवसभर खट्टू राहिलं. जुलैचा महिना म्हणजे इथला ऐन हिवाळा, वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटची थंडी, अंगणातल्या गवतावर पांढरं दहिवर, खिडकीच्या काचा आतून ओल्या. आणि अशा दिवसांत तीन आठवड्यांच्या पोरीला दोन किटल्यांची अंघोळ घालायची म्हणजे त्यांच्या हातांचा अपमान होता.

कारण स्नेहलताबाईंचा जन्म याच कामात गेला होता. पुण्यात नारायण पेठ, शनिवार पेठ, पार डेक्कनपर्यंत त्या बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायला जात. उजाडायच्या आत घर सोडायचं आणि एकामागून एक बाळं पायांवर घेत दुपारी परतायचं. आता मिशा आलेले बाप्ये रस्त्यात वाकून नमस्कार करत तेव्हा त्या आशीर्वाद देत आणि मनात म्हणत, हा तर टाळू भरताना भोकाड पसरणारा. सगळ्या पेठांची पोरं त्यांच्या हाताखालून गेली; गेली नाही ती स्वतःची. मैत्रेयीच्या अंघोळीची वेळ तीच लोकांच्या पोरांच्या अंघोळीची वेळ, आणि घर त्याच कामावर चालायचं. म्हणून मैत्रेयीला शेजारच्या सुलेखाने न्हाऊ घातलं. ही नात झाल्याचं कळलं तेव्हा स्नेहलताबाईंनी विमानात पाय ठेवण्याआधीच ठरवून टाकलं होतं, की या पोरीच्या अंगाला आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही.

लेकीलाही तेल लावून कढत पाण्याने न्हाऊ घालावं असं त्यांच्या फार मनात होतं. पण पहिल्याच दिवशी मैत्रेयी म्हणाली, "मी शॉवर घेते आई, सवय नाही मला," आणि त्या गप्प बसल्या. मागायला हक्क लागतो, तो आपण तेव्हाच गमावला, असं त्यांना वाटलं.

पाण्यावर मात्र त्यांनी तोड काढली. दुसऱ्या दिवसापासून जावई देवव्रत सातच्या आधीच्या गाडीने वेलिंग्टनला निघाले, की त्या विजेच्या चारही शेगड्यांवर चार पातेली चढवत. जोडीला किटली आणि न्हाणीघरातला हीटर. धुरीसाठी पाचवं भांडं हवं होतं, पण पहिल्या धुरीलाच छताला लावलेल्या, धूर ओळखणाऱ्या यंत्राने अशी काही किंकाळी फोडली होती, की ओवा-वेखंड पिशवीत परत गेले होते. सात वाजता मैत्रेयी रात्रीच्या जागरणाने मेल्यासारखी झोपलेली असे. तोवर इकडे पाणी आधण, बाळ खूश, आजी त्याहून खूश.

आठवडा गेला. मैत्रेयी बाळंतपणाच्या रजेवर होती, पण तिचा जीव कामात अडकलेला. एका सकाळी ती लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आली.

"आई, तू सकाळी सात वाजता नक्की काय करतेस?"

"अंघोळ घालते. आणखी काय करणार?"

"हे बघ." पडद्यावर एक रेघ होती, सपाट चालत आलेली आणि मध्येच ताठ उभी राहिलेली. "हे आपलं घर. हा डोंगर तुझा."

लेक विजेवर काहीतरी संशोधन करते, एवढंच स्नेहलताबाईंना माहीत होतं. आता मैत्रेयीने नीट समजावलं. थंडीत सकाळ-संध्याकाळ सगळं गाव एकाच वेळी वीज मागतं. तेव्हा विजेच्या तारेतूनच एक इशारा येतो, आणि घरोघरच्या पाणी तापवायच्या टाक्या काही वेळ बंद होतात. ही इथली जुनी पद्धत. मैत्रेयीच्या विद्यापीठाला बघायचं होतं, की लोकांना सगळं सांगून-सवरून विचारलं, तर याहून थोडं जास्त ते आपणहून सोडतील का. या वर्षी दक्षिणेकडची तळी पावसाविना खाली गेलेली, त्यामुळे गरजही होती. मैत्रेयीने स्वतः, सातव्या महिन्याचं पोट सांभाळत, रस्त्यावरचं एकेक दार वाजवून लोकांचा होकार मिळवला होता.

"आणि अख्ख्या रस्त्यात एकच घर सात वाजता एवढी वीज ओढतंय. कुणाचं, तर माझं. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं. माझा कलीग हेमी 'kia ora' असा इथला नमस्कार घालून विचारतोय, घरी बेकरी काढलीस का?"

हेमीने गमतीने विचारलं असेल, पण स्नेहलताबाईंना ती गंमत वाटली नाही.

"म्हणजे मी हिला न्हाऊ घालायचं बंद करू?"

"असं कुठे म्हटलं मी? मी आपलं घरच स्टडीतून काढून टाकते. होतं तसं."

"लोकांची दारं वाजवलीस आणि स्वतःच्या घराला सूट?"

मैत्रेयीने लॅपटॉप मिटला. तिलाही ते पटलं नव्हतं, आणि आईला दुखवायचंही नव्हतं. बाळ रडलं म्हणून दोघी सुटल्या.

संध्याकाळी मात्र ती परत लॅपटॉप घेऊन खिडकीशी बसली आणि आईला जवळ बोलावलं. "आता पूर्ण रस्त्याचं बघ. नावं नाहीत यात, सगळी घरं मिळून एकच रेघ."

बाहेर अंधारत होतं. स्टेशनवरून माणसं परतत होती. एकेका खिडकीत दिवा लागत होता, आणि पडद्यावरची रेघ चढत होती. कुणी हीटर लावला असेल, कुणी भात टाकला असेल. स्नेहलताबाई बघत राहिल्या. तेवढ्यात दाराबाहेरच्या मीटरच्या पेटीत टक असा बारीक आवाज झाला.

"आला इशारा," मैत्रेयी म्हणाली.

रेघ उतरू लागली. स्नेहलताबाईंनी चटकन खिडकीबाहेर पाहिलं. एकही दिवा मंद झाला नव्हता. समोरच्या घरातली म्हातारी जाकिटावर जाकीट घालून पडदा सारत होती, पलीकडे कुणीतरी कुत्र्याला आत घेत होतं. सगळं जिथल्या तिथे होतं.

"त्यांना कळलं का गं?"

"होकार दिलाय, एवढं माहितीये. पण आत्ता, या मिनिटाला, कुणालाच कळत नाही."

"आपल्याच रस्त्याचं झालं हे?"

"अख्ख्या व्हॅलीचं झालं. हजारो घरं असतील."

स्नेहलताबाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. पेठेतल्या वाड्यात सार्वजनिक नळावर एका हंड्यापायी बायकांनी एकमेकींच्या झिंज्या धरलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. आणि इथे हजारो घरांनी, एकमेकांचं तोंडही न पाहता, एकाच क्षणी आपापली बादली खाली ठेवली होती.

"आणि ही वीज येते कुठून?"

"बरीचशी साउथ आयलंडहून. तिकडे डोंगरावरचं बर्फ वितळून तळ्यांत येतं, त्या पाण्यावर वीज होते. मग केबल समुद्राखालून इकडे येते. तळी खाली गेली, की गॅस नाहीतर कोळसा जाळावा लागतो."

"समुद्राखालून," स्नेहलताबाई स्वतःशीच म्हणाल्या. त्या उठल्या आणि बोळातल्या कपाटापाशी गेल्या. आत पाण्याची टाकी उभी होती. इतके दिवस त्या तिला नुसती टाकी समजत होत्या. त्यांनी तिच्यावर तळवा टेकवला. आयुष्यभर त्यांनी पाणी ओतलं, पण ते ऊन व्हायला कुठून कुठे प्रवास करून येतं, हा विचार कधी शिवला नव्हता. कुठल्याशा डोंगरावरचं बर्फ समुद्र ओलांडून आपल्या नातीच्या पाठीवर पडतं, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले. नमस्कार करावासा वाटला, पण नेमका कुणाला, ते कळेना. मग त्यांनी टाकीलाच केला.

"आई, काय करतेस?" मैत्रेयी हसली.

"तू नको लक्ष देऊ. एवढं सांग, हे पाणी सगळ्यात मोकळं कधी असतं?"

"दुपारी. सगळे कामावर असतात तेव्हा."

"मग उद्यापासून दुपारी."

म्हणायला म्हणून गेल्या, पण रात्री त्यांना चैन पडेना. बाळाला दुपारी न्हाऊ घातल्याचं त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. नारायण पेठेत कुणी असं सुचवलं असतं, तर त्यांनीच त्या माणसाला वेड्यात काढलं असतं.

दुसऱ्या दिवशी बारा वाजून गेल्यावर त्यांनी नळ सोडला. पाणी असं कढत आलं, की त्यात गार घालावं लागलं. खिडकीतून न्हाणीघरात उन्हाचा पट्टा आला होता, त्यात स्वरदा पाय झाडत होती. आणि दारात, उंबऱ्यावर फतकल मारून मैत्रेयी बसली होती. सकाळी सातला ती झोपलेली असायची, त्यामुळे आईला बाळ न्हाऊ घालताना तिने असं निवांत पाहिलंच नव्हतं.

ती बघत होती. आईचा तळवा बाळाच्या मणक्यावरून उतरत होता, बोटं कानामागची घडी पुसत होती, अंगठा टाळूवर तेल जिरवत होता. त्या हातांना कुठे थांबावं लागत नव्हतं.

"मलाही अशीच पायांवर घ्यायचीस?"

"तुला सुलेखा घ्यायची." स्नेहलताबाईंनी बाळावरून नजर काढली नाही. "मी त्या वेळी लोकांकडे असायचे."

"एकदाही नाही?"

"सुट्टी अशी नव्हतीच गं. बाळं रविवारीही मळतात."

मैत्रेयी हसली नाही. बाळाला कोरडं करून, दुपट्यात बांधून तिने आत नेलं. स्नेहलताबाई पाट उचलायला वाकल्या, तेवढ्यात ती परत आली.

"आई, पाणी आहे का अजून गरम?"

"आहे की. भरपूर आहे."

"मग मलाही घाल."

स्नेहलताबाईंनी पाट पुन्हा खाली ठेवला. मैत्रेयी त्यांच्याकडे पाठ करून बसली. तिच्या पाठीवर तेल लावताना, जन्मभर न थांबलेले त्यांचे हात दोनदा थांबले. किती जोर द्यावा, तेच त्यांना कळेना. हलक्या हाताने चोळावं तर थंडी बाधेल, जोरात चोळावं तर दुखेल.

"दुखत नाही ना?"

"नाही गं."

त्यांनी तांब्या भरला, पाण्यात बोट घालून पाहिलं, आणि मैत्रेयीच्या डोक्यावर धरला. 'डोळे मीट' म्हणून सांगणार, एवढ्यात तिने आपणच मान खाली घातली आणि दोन्ही कान अंगठ्यांनी घट्ट बंद करून घेतले.

ही सवय स्नेहलताबाईंनी लावली नव्हती. त्यांनी क्षणभर तांब्या तसाच धरून ठेवला, आणि मग हळूहळू, एका धारेने ओतला.